गाईला सीताफळ द्या म्हणतात, पण कोणतं?



मी दिल्लीत, हिंदूराव भागात राहते. नाव ऐकून वाटतं ना, हे आपल्यातलंच कुणीतरी? आहेच. हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे भाऊ. इथल्या टेकडीवर त्यांचा बंगला होता. १८५७ च्या लढाईत त्याच्या आसपास तोफा धडाडल्या. आज तिथे त्यांच्याच नावाचं मोठं रुग्णालय आहे.

भागाचं नाव मराठी, पण बाजाराची बोली हिंदी. त्या बोलीनं मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं असतं.

मी इथे नवीन होते. नवरात्राचे दिवस. शेजारच्या आजी म्हणाल्या, "सीताफल काटकर गाय को खिला दो, बीज समेत." मला ते फार आवडलं. संध्याकाळी सासवडच्या मावशीला फोन केला. तिच्याकडे एक गाय आणि दोन शेळ्या. म्हटलं, "मावशी, इथे गाईला सीताफळ बियांसकट देतात. तूही देऊन बघ."

मावशी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "अगं, वेडी का तू? त्या बिया वाटून आम्ही डोक्यातल्या उवा मारायचो. त्या जनावराच्या पोटात घालू?"

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडे सीताफल मागितलं. त्यानं सुरी घेतली आणि तांबड्या भोपळ्याची फोड कापून तराजूत टाकली!

दिल्लीत भोपळ्यालाच सीताफल म्हणतात. कुणी काशीफल म्हणतं, कुणी कद्दू. आपल्याकडे तरी एक नाव कुठे आहे? कुणाचा तांबडा भोपळा, कुणाचं डांगर, विदर्भात कोहळं. नावाच्या घोळानं माणसाचा स्वयंपाक बिघडेल, पण जनावराचा जीव जाऊ शकतो. भोपळ्याच्या बिया चालतात. सीताफळाच्या बिया विषारी असतात. त्यांची पूड नुसती डोळ्यात गेली तरी डोळ्याला इजा होते.

आता खरा भोपळा कसा द्यायचा, ते सांगते.

गाय, म्हैस, शेळी यांना बारीक चिरून द्या. मोठी फोड घशात अडकली तर पोटातला वायू बाहेर पडत नाही आणि डावी कूस फुगते. असं झालं तर काठी घालून ढकलू नका, लगेच पशुवैद्याला बोलवा. भोपळ्यात बहुतेक पाणीच असतं, म्हणून तो चाऱ्याच्या जोडीला द्यायचा, चाऱ्याऐवजी नाही. आणि पहिल्याच दिवशी टोपलीभर नको.

कोंबड्यांना अर्धा भोपळा तसाच ठेवा, त्या टोचून टोचून गर आणि बिया खातात.

कुत्र्याला साल-बिया काढून, वाफवून, मीठ न घालता द्या. लहान कुत्र्याला सुरुवातीला एक चमचा पुरे. मांजर मुळात मांसाहारी, तिला अर्धा चमचाही खूप. भोपळ्यातल्या चोथ्यानं पोट साफ व्हायला मदत होते, पण जुलाब थांबत नसतील तर डॉक्टरच हवा. जंतांचंही तसंच. भोपळ्याच्या बिया म्हणजे जंताचं औषध नव्हे.

सडका, बुरशी आलेला किंवा कडू भोपळा कुणालाच देऊ नका.

इथे भंडाऱ्यात पुरीबरोबर कद्दूची भाजी असते. उरली की लोक श्रद्धेनं गाई-कुत्र्यांपुढे ठेवतात. त्यात तेल, मीठ, तिखट असतं. कांदा-लसूण असेल तर कुत्र्याला तो विषासारखाच. आणि सालं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकू नका. गाय पिशवीसकट गिळते, आणि ती पिशवी तिच्या पोटातच राहते.

आपण मराठी माणसं आता कुठे कुठे पसरलो आहोत. एका गावचा सल्ला क्षणात दुसऱ्या गावी जातो. म्हणून एवढंच करा: जनावराला अमुक खायला द्या असं कुणाला कळवाल, तेव्हा नावासोबत त्याचा फोटोही पाठवा. माझी मावशी सावध होती म्हणून तिची गाय वाचली. दरवेळी पलीकडे मावशीच असेल असं नाही.