घरची बोली, शाळेची भाषा

आषाढ लागला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात रोवणीची एकच धांदल उडते. पऱ्हे उपटायचे, चिखल केलेल्या बांधीत नेऊन रोवायचे. आठदहा वर्षांच्या पोरालाही हे शिकवावे लागत नाही. तेच पोर शाळेत पुस्तक उघडते, तर तेथे छापलेले असते : ‘खाचरात रोपांची लावणी करतात.’ पोर गप्प बसते. गुरुजींना वाटते, शेतकऱ्याचा मुलगा आणि याला धानाचे काही ठाऊक नाही!

एका वर्गात मी स्वतः पाहिले. एका मुलीने उत्तरात ‘पानी’ म्हटले. वर्ग हसला, आणि वाईट हे की गुरुजीही हसले. त्या दिवशी तिने पुन्हा हात वर केला नाही.

तिचे चुकले काय होते? झाडीबोलीत ‘ण’ नाहीच, तेथे ‘न’ येतो. ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून डोळ्याला डोरा. ही जिभेची ढिलाई नव्हे, बोलीचा नियम आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी याच बोलीचा अभ्यास करून तिचा शब्दकोश सिद्ध केला.

सालेकसा, देवरीकडच्या गोंडी मुलांचे तर आणखी कठीण. गोंडी द्राविडी कुळातली, तेलुगूच्या नात्यातली. त्या मुलाला पहिलीचे पुस्तक म्हणजे परमुलूखच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला मुलूख, तेव्हाचा भंडारा जिल्हा, मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्याच दिवसापासून घटनेचे ३५०-अ कलम लागू झाले : भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी. कलम कागदावर आहे. वर्गात ते गुरुजींनीच आणायचे.

प्रमाण मराठी शिकवू नका, असे मी म्हणत नाही. तहसिलीतला अर्ज, बँकेचा कागद तिच्यावाचून वाचता येणार नाही. पण आधी मुलाला रोवणी त्याच्या शब्दांत सांगू द्या. फळ्यावर एकीकडे बांधी लिहा, शेजारी खाचर. पऱ्हे लिहा, शेजारी रोपे. गोंडी मूल असेल तर तिसरा शब्द त्यालाच विचारा. गुरुजींनी मुलाला विचारण्यात कसला कमीपणा?

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, यंदा रोवणीच्या दिवसांत शाळा सुटल्यावर एकदा बांधीवर जा. पऱ्हे किती वाढले म्हणजे उपटायचे, हे एखाद्या आजीला विचारा, आणि ती जे शब्द वापरील ते तसेच वहीत उतरवून घ्या.