बियाण्याची नोंद, तुसाचा हिशेब

(धान उत्पादक शेतकऱ्यांच्या जिल्हा मेळाव्यातील भाषण)



धानाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज अशा दोन गोष्टींवर बोलू, ज्यांचा हिशेब आपण कधी मांडतच नाही. एक पेरणीच्या आधीची, बियाणे. दुसरी मिलमध्ये भरडाईनंतर उरणारी, तूस.

कृषी महाविद्यालयात आम्ही वाणांच्या वंशावळी पाठ केल्या. आयआर-८ म्हणजे पेटा आणि डी-जिओ-वू-जेन यांचा संकर, प्रसारण १९६६. जया म्हणजे टीएन-१ आणि टी-१४१ यांचा संकर, प्रसारण १९६८. हे लिहिले की गुण मिळत. शेतकऱ्याने निवडलेल्या वाणाची वंशावळ मात्र आम्हाला कोणी विचारली नाही.

एचएमटीचेच बघा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे लहान शेतकरी. १९८३ साली पटेल-३ वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी राखल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड केली. बाजारात त्या धानाला घड्याळाचे नाव पडले. १९९४ साली भात संशोधन केंद्राने पाच किलो बियाणे प्रयोगासाठी नेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही वाण शुद्ध केला. केला असेल, पण मूळ निवड कोणाची? दादाजींना पुढे सन्मान मिळाले. पण ३ जून २०१८ रोजी ते गेले, त्याआधी उपचारासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली.

२००१ साली पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. शेतकऱ्याचा वाण आता शेतकऱ्याच्या नावे नोंदता येतो आणि त्याला नोंदणी शुल्क नाही. पण कायदा विचारतो, वाण वेगळा आहे का, एकसारखा आहे का, टिकाऊ आहे का? ‘आमच्या आज्यापासून आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. म्हणून दोनशे पानी वही घाला. कोणत्या साली, कोणत्या बांधीत, किती लोंब्या निवडल्या. निसवायला किती दिवस लागले. उंची किती, दाणा कसा, हे दर हंगामाला लिहा. कोणी बियाणे मागितले तर जरूर द्या. पण किती किलो आणि कशासाठी, हे लिहून सही घ्या. मग तो शेजारी असो की शास्त्रज्ञ.

आता तूस. क्विंटलभर धानात सुमारे २० किलो तूस निघते. एकरी १५ क्विंटल पिकले तर तीन क्विंटल. भरडाईनंतर ते मिलमध्येच राहते आणि आपण त्याला कचरा समजतो. तो कचरा नाही, जळण आहे. मोकळे तूस घनमीटरला शंभर-सव्वाशे किलोच भरते, म्हणून त्याची वाहतूक परवडत नाही. दाबयंत्रात उष्णता आणि दाब मिळाला की तुसातले लिग्निन मऊ होऊन तेच चिकटवण्याचे काम करते. वेगळा डिंक लागत नाही. घनता हजारावर जाते आणि ही कांडी बॉयलरला कोळशाच्या जागी चालते.

आम्ही स्वप्ने विकायला आलेलो नाही. ओल दहा-बारा टक्क्यांवर गेली की कांडी फुटते. तुसातली सिलिका यंत्राचे भाग झिजवते. शंभर किलोमागे १५ ते २० किलो राख उरते. विजेचे बिल मोठे येते. म्हणून आधी यंत्र घेऊ नका, आधी हिशेब घ्या. आपल्या गावाचे किती धान कोणत्या मिलला गेले, त्यातून किती तूस निघाले, ते कोणी कोणत्या भावाने नेले, हे एक हंगाम टिपा. त्यानंतर भरडाईच्या दराबद्दल मिलवाल्याशी बोलायला बसू, तेव्हा हातात आकडे असतील.

पुढच्या बैठकीला येताना भाषण आणू नका, वही आणा.