देवयानीचा शोध घेणारे धर्मगुरू



 मुलगा पदार्थविज्ञान शिकू लागला म्हणजे त्याची रोजरी सुटणार, अशी धास्ती आपल्या कित्येक मातापित्यांस वाटते. ही धास्ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. मुले अशी दुरावलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून उपदेश बाजूस ठेवून एका धर्मगुरूंचे चरित्र सांगतो.

गोव्याचे फादर रिचर्ड डिसोझा १९९६ साली येशूसंघात दाखल झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली. पुढील अभ्यास जर्मनीत हायडेलबर्ग येथे झाला. २०११ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. प्रवेशापासून वेदीपर्यंत पंधरा वर्षे! उतावळ्यांस हा हिशेब पटावयाचा नाही. त्यानंतरही अभ्यास चालूच राहिला, आणि म्युनिक येथे खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ते व्हॅटिकन वेधशाळेत रुजू झाले.

त्यांचे कार्य काय, ते ऐका. आपल्या आकाशगंगेची थोरली शेजारीण देवयानी, अंतर सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे. तिच्या भोवती विरळ ताऱ्यांचे एक अंधुक वलय पसरले आहे. फादर डिसोझा व मिशिगन विद्यापीठाचे एरिक बेल यांनी संगणकावर दीर्घिकांच्या वाढीचे नमुने तपासले, तेव्हा असे दिसले की, अशा वलयातील बहुतेक तारे एकाच मोठ्या दीर्घिकेचे अवशेष असतात. २०१८ साली त्यांनी मांडले की, देवयानीने सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी अशी एक दीर्घिका गिळली असावी. आपल्या शेजारात देवयानी व आकाशगंगा यांच्या खालोखाल तीच मोठी होती. देवयानीजवळची एम-३२ ही चिमुकली दीर्घिका म्हणजे तिचाच उरलेला गाभा, असा त्यांचा तर्क आहे. एवढा आघात सोसूनही देवयानीची तबकडी मोडली नाही, हे पुष्कळ विद्वानांस नवल वाटले.

सप्टेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांच्या नेमणुकीने ते वेधशाळेचे संचालक झाले. १८९१ साली हीच वेधशाळा नव्याने उभारणारे पोपही लिओच, तेरावे! शिवाय सध्याचे पोप महाराज स्वतः गणिताचे पदवीधर आहेत.

मग विज्ञानाने श्रद्धा सिद्ध होते काय? येथे बेल्जियमच्या फादर लमेत्र यांचे स्मरण होते. विश्वाचा आरंभ एका आद्य अणूपासून झाला, ही कल्पना त्यांनी १९३१ साली मांडली. पुढे पोप पायस बारावे यांनी १९५१ साली अशा शोधांचा संबंध उत्पत्तीशी जोडला, तेव्हा सावधगिरीचा आग्रह धरणारे लमेत्रच होते. आपला सिद्धान्त धर्माची साक्ष म्हणून उभा करणे त्यांस रुचले नाही. आम्हांस हा संयम फार मोलाचा वाटतो. आजचे गणित उद्या चुकले, तर त्यावर टेकलेली श्रद्धा कोठे जाईल?

कार्तिकात निरभ्र रात्री नवाच्या सुमारास मुलांस मोसंबीच्या बागेपलीकडे, दिव्यांपासून दूर न्यावे. भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्येस, उत्तर आकाशात बरीच उंच, कापसाच्या पुंजक्यासारखी जी अंधुक खूण दिसते, तीच देवयानी. दुर्बीण नसली तरी चालेल. चंद्र मात्र नसावा.