मोराच्या गाण्याचा जन्म

हैदराबादेत विद्यानगरला लागूनच उस्मानिया विद्यापीठाचा मोठा, झाडीचा परिसर आहे. तिथे मोर दिसतात. मोर दिसला की मराठी घरातल्या पोरांच्या ओठी 'नाच रे मोरा' येणारच!

अनेकांना हे गाणं आजीच्याही आजीपासून चालत आलेलं लोकगीत वाटतं. प्रत्यक्षात ते 1953 सालच्या राम गबाले दिग्दर्शित 'देवबाप्पा' या चित्रपटातलं आहे. शब्द ग. दि. माडगूळकर ऊर्फ गदिमा यांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचं आणि आवाज तेव्हा विशीच्या आसपास असलेल्या आशा भोसले यांचा.

गदिमा माणदेशचे, म्हणजे कायम दुष्काळी मुलखातले. तिथे ढग दाटून येणं हा केवढा आनंद! तो आनंद या गाण्यात उतरला आहे, असं मला मनापासून वाटतं. शिवाय त्यातलं निसर्गाचं निरीक्षणही खरं आहे. मोराचा विणीचा हंगाम पावसाळ्याच्या सुमारास येतो आणि लांडोरीला रिझवण्यासाठी तो पिसारा फुलवून नाचतो. पावसाळा सरला की ती लांब पिसं गळून पडतात.

मोर राष्ट्रीय पक्षी ठरला 1963 मध्ये. मराठी मुलं त्याच्या आधी दहा वर्षं त्याला नाचायला बोलावत होती.