प्रयोगवहीतील आकडा



रसायनशास्त्राची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या तरुणांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. ग्रंथ मुखोद्गत करून परीक्षा उतरता येईल. रसायनज्ञ होता येणार नाही. ब्यूरेटमधून अल्कली थेंबथेंब आम्लात सोडावी, फिनॉल्फ्थॅलीनची फिकट गुलाबी छटा टिकताच थांबावे, आणि जो आकडा दिसेल तोच वहीत लिहावा, हीच या विद्येची खरी दीक्षा होय. शेजाऱ्याचा आकडा उतरून घेण्याचा मोहही तेथेच होतो.

इंग्लंडात लॉर्ड रॅले ह्यांस हवेतून मिळविलेला नायट्रोजन अमोनियापासून केलेल्या नायट्रोजनाहून किंचित् जड आढळला. फरक शेकडा एकाहूनही कमी. तो त्यांनी झाकला नाही. १८९२ साली जाहीर करून इतरांस कारण विचारले. त्या शोधातूनच १८९४ साली रॅले व रॅम्से ह्यांस हवेत दडलेला आर्गॉन वायू सापडला, आणि १९०४ साली दोघांसही नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून मातापित्यांनो, मुलामुलींस किती गुण मिळाले हे अवश्य विचारा. परंतु वहीतील आकडे स्वतःचे होते काय, हे त्याआधी विचारा.