जुना नकाशा पसरा, पाण्याची जागा दिसेल
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आम्ही शेतकी कॉलेजात कपाशी शिकलो, शाळू शिकलो. पण आपल्या शिवाराचा जुना नकाशा कधी उघडला नाही. तो उघडला चळवळीत आल्यावर.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे 1 इंचाला 1 मैल या मापाचे. निळं म्हणजे पाणी, पिवळी म्हणजे लागवडीची जमीन. तपकिरी रेघा उंचीच्या. दाट तिथं चढ, विरळ तिथं सपाटी. माण, खटाव, खानापूर, आटपाडीचा बराच भाग '47 के' या चौकटीत येतो.

खटावातल्या एका गावात आम्ही जुना नि नवा नकाशा शेजारी पसरला. जुन्यावर ओढ्याच्या वळणाला निळा ठिपका, नव्यावर कोरं. पोरं म्हणाली, छपाईची चूक. एक म्हातारी म्हणाली, "चूक कसली? त्या पट्टीला आम्ही तळ्याचं रानच म्हणतो."

जाऊन पाहिलं. खाली गाळाची काळी जमीन, कडेला फुटक्या बांधाचा उंचवटा. तळं गाळानं भरलं, बांध फुटला, वर नांगर फिरला. आणि गाव मात्र भलत्याच मुरमाड माळावर पाझर तलाव मागत होतं!

आज त्या रानावर दोन घरं जगतात. त्यांना उठवा, असं नकाशा सांगत नाही. पाणी कुठं थांबत होतं, एवढंच तो सांगतो. पुढचं गावानं बसून ठरवायचं.

कारण नकाशात तळं दिसतं, पाण्याचा वाटा दिसत नाही. राजेवाडीचं तळं, म्हणजे सरकारी कागदातला म्हसवड तलाव, 1876-78 च्या दुष्काळात लोकांच्या घामावर उभं राहू लागलं. नकाशावर त्याचा निळा रंग ठळक आहे. खोदणाऱ्यांच्या वाट्याला काय आलं, त्याला रंग नाही. हा प्रश्न 1980 च्या दशकात येरळेकाठी बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी विचारला. बळीराजा धरण बांधताना त्यांनी भूमिहीनांसह प्रत्येक घराचा पाण्यावर हक्क मांडला.

तेव्हा तीन कामं करा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा. जुनी टोपोशीट मिळवून शेजारी ठेवा. म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन पावसाआधी शिवार फिरा. बुजलेला ओढा, पडकी विहीर, फुटका बांध, सगळ्यांवर खुणा करा. तो कागद ग्रामसभेत ठेवा.

मागणी करायची तर जागा दाखवून करू, आणि वाटा ठरवून करू.