काळे रबर आणि विजेची वाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आमच्याकडून सुवाहक आणि दुर्वाहक पदार्थांची यादी पाठ करून घेतली होती. दुर्वाहकांत रबराचे नाव अग्रभागी असे. त्या यादीला एक पुरवणी जोडावी, एवढाच माझा हेतू आहे.

ग्वाल्हेरहून मुरैन्याकडे जाताना बानमोर येथे टायरचा कारखाना लागतो. रबराच्या झाडाचा चीक पांढरा. टायर मात्र काळा. हा काळेपणा काजळीचा. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थरात दर १०० भाग रबरामागे साधारणपणे ५० भाग काजळी घालण्याची रीत रूढ झाली, ती झीज कमी व्हावी म्हणून. पण त्यामुळे विजेलाही वाट मिळाली.

ही वाट क्रमाक्रमाने रुंदावत नाही. शाळेच्या मैदानावर मुले विखुरलेली उभी आहेत आणि हाताच्या अंतरावरील मुलाच्या कानातच निरोप सांगायचा आहे, अशी कल्पना करा. मुले थोडी असतील तर निरोप मध्येच अडेल. एकेक मूल वाढवीत गेलो तरी बराच वेळ काही घडणार नाही; मग एका विशिष्ट संख्येच्या आसपास तो अकस्मात पलीकडच्या कुंपणापर्यंत पोचेल. काजळीचे कण असेच वागतात. ते एकमेकांना चिकटलेच पाहिजेत असेही नाही. मधले अंतर काही नॅनोमीटरच असेल, तर इलेक्ट्रॉन ते पार करू शकतो. भरपूर काजळीच्या रबराचा विद्युत्‌रोध शुद्ध रबराच्या अब्जांशाहूनही कमी असू शकतो.

या उंबरठ्याचे गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी १९५७ मध्ये मांडले. ब्रॉडबेंट यांच्यापुढील मूळ प्रश्न विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यातील कोळशाच्या छिद्रांचा होता. विषारी रसायनांपासून संरक्षणाचे संशोधन जेथे चालते, त्या आपल्या शहराला हा योगायोग जवळचा वाटावा.

या गुणाचे महत्त्व तो कमी झाल्यावर ध्यानात आले. १९९० नंतरच्या दशकात इंधन वाचविण्यासाठी टायरमध्ये काजळीऐवजी सिलिका वापरली जाऊ लागली. तेव्हा गाडीवर साचणारा स्थिर विद्युत्‌भार जमिनीत उतरेना. पेट्रोलच्या वाफेजवळ एक ठिणगीही घातक. म्हणून अशा टायरच्या थरातून काजळीयुक्त रबराची बारीक पट्टी रस्त्यापर्यंत नेण्यात आली.

मित्रहो, याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. रबर दिसले की आपण निर्धास्त होतो. वीज कोसळताना मोटारीतील माणसाला टायर वाचवीत नाहीत. वाचवतो तो गाडीचा धातूचा बंदिस्त सांगाडा. विजेचे काम करणाऱ्याने हाती लागलेल्या काळ्या रबराच्या तुकड्यावर उभे राहून जिवाची हमी मानू नये. योग्य विद्युत्‌दाबासाठी तपासून प्रमाणित केलेली चटई आणि हातमोजेच वापरावेत.

गुरुजींची यादी चुकीची नव्हती. ती शुद्ध रबराची होती. आपल्या वर्गात ही यादी आजही शिकविली जाईल. तेथे रबराच्या नावापुढे ‘त्यात काय आणि किती मिसळले आहे?’ एवढा प्रश्न लिहिला जावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.